जहाजांची निशाणभाषा

बंदरांत नांगरलेल्या जहाजावर रंगीत बावटे फडकतांना पाहिले कीं आज कांहीं उत्सव असावा, असें आपणांस वाटतें. कधीं तो असतोही. परंतु दोरीवर एक, दोन, फार तर चार बावटे चढलेले असले, तर तें जहाज कोणाशीं तरी बोलत आहे, असें समजावें.

पूर्वीं आरमारांतील निशाणांचे अर्थ ठराविक हुकुमांपुरते असत. मनांतील वाक्य सांगण्याची सोय नव्हती. ती इंग्रज आरमारांतील होम पॉपम या अधिकाऱ्यानें १८०० सालीं केली. त्यानें शब्दांना आंकडे दिले; एकानें निशाणांनीं आंकडा दाखवावा आणि दुसऱ्यानें कोशांत शब्द पाहावा. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्रॅफल्गारच्या लढाईच्या तोंडावर नेल्सननें, प्रत्येक जण आपलें कर्तव्य करील असा इंग्लंडला भरंवसा आहे, हा संदेश द्यावयास सांगितलें. निशाणांवरील अधिकारी पॅस्को यानें अडचण मांडली, कीं 'भरंवसा' दाखविणारा शब्द कोशांत नाहीं, तो एकेक अक्षर चढवून दाखवावा लागेल; 'अपेक्षा' मात्र आहे. नेल्सननें तो बदल मान्य केला. 'कर्तव्य' या अर्थाचा इंग्रजी शब्दही कोशांत नव्हता. त्याचीं चार अक्षरें सुटीं दाखवावीं लागलींच. आरमाराच्या कोशांत कर्तव्य नसावें, याचें मला नेहमीं नवल वाटतें!

व्यापारी जहाजांसाठीं १८५७ सालीं ब्रिटिश सरकारनें अठरा निशाणांची संहिता काढली. तींत इंग्रजी स्वर मुद्दामच वगळले होते. कारण स्वर आले कीं अनुचित शब्दही बनूं लागतात. वर्गांत फळा सांभाळलेल्या माणसास ही दूरदृष्टि तत्काळ पटेल. आजच्या आंतरराष्ट्रीय संहितेंत सव्वीसही अक्षरांस निशाणें आहेत, आणि तिचें पुस्तक अनेक भाषांत असल्यामुळें जपानी कप्तानाचें म्हणणें ग्रीक कप्तान आपल्या भाषेंत वाचूं शकतो.

निशाणांचे अर्थ मात्र बदलतात. पिवळें निशाण म्हणजे जहाजावर सांथ, अशी समजूत अद्याप पुष्कळांची आहे. एके काळीं त्या निशाणाचा संबंध सांथीच्या शंकेशीं होताही. आज तेंच निशाण उलट सांगतें: 'आमचें जहाज निरोगी आहे, बंदराशीं व्यवहार करण्यास परवानगी द्यावी.' ज्याला पाहून लोकांनीं दूर पळावें, तेंच आतां आरोग्याची ग्वाही देत असतें.

बिनतारी यंत्र असतां निशाणें कशाला, असें कोणी विचारील. पण भोंवतालच्या लहान होड्यांत यंत्र असेलच असें नाहीं. जहाजाखालीं पाणबुड्या काम करीत असतां अर्धें पांढरें, अर्धें निळें आणि टोंकाशीं खांच असलेलें निशाण चढवितात. त्याचा अर्थ, 'आमचा पाणबुड्या खालीं आहे. दूर राहा आणि सावकाश जा.' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातांना वाटेंत असें निशाण दिसलें आणि सारंगानें लाँचचा वेग उतरविला, तर उशिराबद्दल त्याच्यावर रागावूं नये. लाँचच्या पंख्याचीं पातीं पाण्याखालींच फिरत असतात, आणि तो माणूसही तेथेंच असतो.