चिनी कोरीवकामातील विद्वान आणि निसर्ग : प्रतीकाचे भाषिक अधिष्ठान

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी कलावस्तू आहेत. जेडच्या वस्तूंवर किंवा तपकिरीच्या बाटल्यांवर कोरलेली फुले, पक्षी व वृक्ष पाहताना ती केवळ शोभेसाठी योजिली आहेत, असे मराठी अभ्यासकास सहज वाटते. वस्तुतः चिनी अलंकरणातील प्रतीकांचे अधिष्ठान बव्हंशी भाषिक असते. प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे याचा विचार करावयाचा आहे.

पहिले उदाहरण बगळा आणि कमळ या आकृतिबंधाचे. आपल्या परंपरेत कमळ अलिप्ततेचे, तर बगळा ढोंगी ध्यानाचे प्रतीक होय. त्यामुळे या चित्रात आपणांस दांभिक साधू दिसण्याचा संभव आहे. चिनी भाषेत मात्र ‘लू’ हा उच्चार बगळा आणि मार्ग या दोहोंचा, तर ‘ल्येन’ हा कमळ आणि सलगता या दोहोंचा आहे. परिणामी तेच चित्र ‘एका वाटेने लागोपाठ परीक्षांत यश मिळो’ अशी शुभेच्छा ठरते. राजसेवेच्या परीक्षा १९०५ मध्ये बंद झाल्या; तोवर विद्वानाच्या ऐहिक उत्कर्षाचा मार्ग त्यांतूनच जात असे.

दुसरे उदाहरण बांबूचे. बांबूच्या पेराचा वाचक शब्द ‘ज्ये’ हाच चारित्र्यनिष्ठेचाही वाचक आहे. बांबूचा पोकळ गाभा निगर्वी मनाचा द्योतक मानला जातो. कुंचले ठेवण्याच्या पात्रांवर कोरले जाणारे ‘बांबूवनातील सात विद्वान’ हे तिसऱ्या शतकातील. दरबारी राजकारणाकडे पाठ फिरविणे ही त्यांची ख्याती. त्यांपैकी जी कांग यास राजसत्तेने देहदंड दिला. म्हणजे बगळा-कमळातील विद्वान पदाची आकांक्षा धरतो, तर बांबूवनातील विद्वान पदाचा त्याग करतो. एकाच वर्गाच्या मनातील हा ताण एकाच लेखनमेजावर नांदत असे.

ही रचना आपल्या श्लेषाशी नाते सांगते. तथापि श्लेषात शब्द समोर असतो व त्यातून दोन अर्थ निघतात. येथे वस्तू समोर असते आणि शब्द पाहणाऱ्याने मनात उच्चारावयाचा असतो. भाषा हरवली की प्रतीकही हरवते व उरते ती केवळ नक्षी. म्हणूनच तौलनिक अभ्यासात कमळास कमळ म्हटल्याने अर्थनिर्णय होत नाही. ते कोणत्या भाषेत उमलले आहे, हे आधी पाहावे लागते.