मनोऱ्यातले हरवलेले सोबती

1972 च्या उत्तरार्धात ब्रूस ली हाँगकाँगमध्ये एका मनोऱ्यातल्या लढाया चित्रित करत होता. नायक तोच, दिग्दर्शकही तोच. एवढ्यात हॉलिवूडहून 'एंटर द ड्रॅगन'चे बोलावणे आले आणि हा चित्रपट, 'गेम ऑफ डेथ', अर्ध्यावर थांबला. परतून तो पुरा करायचा होता. पण 20 जुलै 1973 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी, लीच गेला.

निर्मात्यांनी मात्र हार मानली नाही. (मानली असती तर बरे झाले असते.) दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउझने नवी कथा रचली, तोतये उभे केले, एका दृश्यात तर आरशावर लीच्या चेहऱ्याचे चित्र चिकटवून वेळ मारून नेली. खऱ्या अंत्ययात्रेची दृश्येही कथेत घुसडली. 1978 मध्ये मोठा गाजावाजा करत चित्रपट झळकला. त्यात लीने स्वतः चित्रित केलेला भाग जेमतेम 11 मिनिटांचा! उरलेली रिळे गोल्डन हार्वेस्ट या चित्रपटसंस्थेच्या साठ्यात कुठेतरी गडप झाली. वर्षे उलटली. लीने त्यात घातलेल्या पिवळ्या सूटची कीर्ती वाढत गेली, मूळ चित्रपट मात्र दंतकथाच राहिला.

1990 च्या दशकात अभ्यासक जॉन लिटल लीची कागदपत्रे चाळत होता. त्यांत या चित्रपटाची टिपणे हाती लागली. पुढे रिळेही सापडली, पण त्यांत फसलेले टेक आणि सुटे तुकडे यांची खिचडी होती. टिपणांशी एकेक तुकडा ताडून पाहिला, तेव्हा कोडे उलगडले: ली मनोरा एकटा चढतच नव्हता! जेम्स टिएन आणि चिए युआन हे दोन सोबती त्याच्याबरोबर होते, आणि 1978 च्या चित्रपटाने नेमके त्यांनाच कापून टाकले होते.

ते परतले आणि लढायांचा अर्थच पालटला. एक सोबती भलामोठा ओंडका उचलून मजल्याचा रक्षक डॅन इनोसान्टोवर धावतो. इनोसान्टो हातातल्या दोन काठ्यांनी त्याला हैराण करून सोडतो. मग ली पुढे सरसावतो, तो बांबूची लवचीक छडी घेऊन. वरच्या मजल्यावर रक्षक म्हणून सात फुटांहून उंच करीम अब्दुल-जब्बार. त्याला बळाने हरवणे अशक्य. त्याचे डोळे उजेडाला बिचकतात हे हेरून ली खिडक्यांचे कागद फोडत सुटतो. ताकद नव्हे, बदलण्याची तयारी जिंकते, हे लीला दाखवायचे होते. आणि हरणारे सोबतीच नसतील तर ते दिसणार कसे?

2000 मध्ये लिटलच्या माहितीपटात ही अर्ध्या तासाहून मोठी झुंज सलग पाहायला मिळाली. खालचे मजले लीने चित्रित केलेलेच नव्हते, त्यामुळे चित्रपट अपुराच आहे. तरीही 1978 ची ती गोधडी आज पाहायला बसलात, तर शेवटी येणाऱ्या मनोऱ्यातल्या लढायांपर्यंत खुशाल पुढे ढकला.