‘स्लॅम डंक’चा पहिला खंड : एक मागोवा

ताकेहिको इनोउए यांची ‘स्लॅम डंक’ ही जपानी चित्रमालिका 1990 च्या शरद ऋतूत ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि तिचा पहिला खंड 1991 मध्ये शूएशाने प्रकाशित केला. इनोउए तेव्हा ऐन विशीत होते. शाळेत ते बास्केटबॉल खेळले होते आणि ‘सिटी हंटर’कार त्सुकासा होजो यांच्याकडे त्यांनी साहाय्यक म्हणून उमेदवारी केली होती. आपल्याकडे खेळ म्हटला की कबड्डी आणि क्रिकेट, तसा त्या काळच्या जपानमध्ये बेसबॉल. बास्केटबॉलवरची चित्रकथा चालत नाही, असाच प्रकाशन व्यवसायातला समज होता.

पहिल्या खंडाने ही अडचण फार सुरेख सोडवली आहे. नायक हानामिची साकुरागी याला बास्केटबॉलमधले काहीही कळत नाही. लाल केसांचा, मारामारीत तरबेज असा हा मुलगा. पन्नास मुलींनी त्याला नकार दिलेला आणि पन्नासावीचे मन तर एका बास्केटबॉलपटूवर जडलेले. त्यामुळे त्याला या खेळाचाच राग. शोहोकू शाळेत हारुको आकागी त्याला बास्केटबॉल आवडतो का, असे विचारते आणि तो क्षणात हो म्हणतो. पुढे डंक करायला, म्हणजे उडी मारून चेंडू थेट कड्यात घालायला, तो इतका उंच उडतो की डोके फळ्यावर आपटते. हसता हसता वाचकाला त्याची झेप दिसते, आणि ती खरी आहे हेही कळते.

खंडाचा गाभा म्हणजे संघाचा कर्णधार आणि हारुकोचा भाऊ ताकेनोरी आकागी याच्याशी होणारी लढत. आकागीचे दहा गुण होण्याआधी साकुरागीने एक मिळवायचा. साकुरागी चेंडू हातात धरून पळतो, तेव्हा चेंडू आपटत न्यावा लागतो हा नियम त्याच्याबरोबर अनभिज्ञ वाचकालाही समजतो. शिकवणीचा वास कुठेही येत नाही. हेच या खंडाचे सर्वांत मोठे यश. शाळेतल्याच रुकावा या बास्केटबॉलपटूशी साकुरागीचे वैरही इथेच जुंपते. विनोदी चेहऱ्यांची, काहीशी भरड रेखा मात्र अजून घडायची आहे. मालिकेच्या शेवटच्या सामन्यातली जवळजवळ नि:शब्द पाने पाहिली की हा प्रवास लक्षात येतो.

1996 मध्ये मालिका संपली तेव्हा तिचे 31 खंड झाले. तिच्यावरचा, इनोउए यांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट जपानमध्ये डिसेंबर 2022 मध्ये आणि पुढच्या वर्षी भारतात प्रदर्शित झाला. त्याआधी, 2006 मध्ये, जपानी शाळकरी खेळाडूंना अमेरिकेत शिकता-खेळता यावे म्हणून मालिकेच्या नावाने शिष्यवृत्तीही सुरू झाली होती.