सीईटीची शिकवणी लावताना

जून उजाडला की आमच्या गटांच्या बैठकीत कर्जाची कारणं बदलतात. शेळी, शिलाई मशीन मागं पडतं आणि 'मुलीच्या क्लाससाठी' असे अर्ज येऊ लागतात. गटाचा पैसा लेकीच्या शिक्षणाला जावा, यात आम्हाला आनंदच आहे. पण म्हैस घेताना आपण धार काढून बघतो, आणि मास्तर ठरवताना मात्र चौकातला फ्लेक्स बघून पैसे भरून येतो. म्हणून आज एमएचटी-सीईटीबद्दल बोलू.

इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी पदवी अशा प्रवेशांसाठी राज्याचा सीईटी कक्ष ही परीक्षा घेतो. डॉक्टरकीची नीट वेगळी. सीईटी २०० गुणांची असते आणि संगणकावर होते. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला पुरतं मिनिटही नाही! मग गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, त्यालाही ९० मिनिटं. जीवशास्त्र गटाला गणिताऐवजी जीवशास्त्राचे १०० प्रश्न. साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. इथं चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. नीटमध्ये मात्र चुकीला एक गुण जातो. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलीला हा फरक शिकवणाऱ्यानं पहिल्याच महिन्यात सांगायला हवा.

आता मास्तर कसा पारखायचा? आपल्याला भौतिकशास्त्र येत नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. सराव परीक्षा किती दिवसांनी घेता, घड्याळ लावून घेता का, हे विचारा. त्याहून महत्त्वाचं, परीक्षेनंतर काय करता ते विचारा. चांगला शिक्षक चुकलेले प्रश्न मुलीकडून वेगळ्या वहीत पुन्हा सोडवून घेतो. कुठली चूक घाईची, कुठली न समजल्याची, हे तो सांगू शकतो. महिन्यानंतर ती वही आपण उघडून बघायची. अक्षर वाचता आलं नाही तरी वही भरली की कोरी, हे कळतंच. वही कोरी असेल तर मास्तरांना भेटून या. गावातलाच बीएस्सी झालेला मुलगा दहाजणींना मन लावून शिकवत असेल, तर दोनशे जणांच्या वर्गापेक्षा आम्ही त्यालाच पसंती देऊ. माऊसची सवय नसलेल्या मुलींना संगणकावर बसवायची सोय आहे का, तेही बघा.

फ्लेक्सवर '९९ पर्सेंटाइल' लिहिलेलं असतं. ते गुण नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात बसलेल्या शंभरांपैकी नव्वद मुलं तिच्या बरोबरीची किंवा मागं. फ्लेक्सवर चार फोटो असतील, तर एकूण किती मुलं शिकत होती, हे विचारायचं.

फी एकदम भरू नका, हप्ते मागा, पावती घ्या. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं पूर्ण फी भरून मुलगी मधेच क्लास सोडून गेली, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यायची आहे. हे शिकवणीवाल्यांना माहीत असतं, आपल्याला नसतं. आणि क्लासच्या नादात बारावी सोडायची नाही. इंजिनिअरिंगला बारावीत ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात.

कर्ज सगळंच क्लासवर उधळू नका. २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी कॅप फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. वसतिगृह, खानावळ, एसटी मात्र आपल्याच खिशातून, आणि तोच खर्च पुढं जड जातो.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी यांची कामं दिवाळीआधीच सुरू करा. पडताळणीला महिने लागतात आणि प्रवेशाच्या वेळी कुणी थांबत नाही. अर्ज भरताना माध्यमाचा रकाना मुलीनं स्वतः वाचावा. भौतिक, रसायन, जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीत घेता येते, गणिताची मात्र इंग्रजीतच येते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला गणितातले इंग्रजी शब्द आत्तापासून शिकवाल का, हेही मास्तरांना पहिल्याच भेटीत विचारून घ्या.