भाजी न आवडणाऱ्यांचं कमी कॅलरीचं जेवण : संशोधन नेमकं काय मोजतं?



पेट झाली, मुलाखतीची तयारी चालू आहे, विषयही ठरलाय. आणि मग समोरून प्रश्न येतो, "विषय चांगला आहे, पण तुम्ही मोजणार काय?" इथे भले भले अडखळतात. रोजच्या आयुष्यातली तक्रार आणि संशोधनाचा प्रश्न यांच्यामध्ये एक पायरी असते. ती पायरी कशी चढायची, हे आज आपण एका साध्या उदाहरणावरून बघू.

तक्रार अशी : "मला भाज्या आवडत नाहीत. लहानपणापासून नाहीत. आता वजन कमी करायचंय, डॉक्टरांनीही सांगितलंय. पण जो तो म्हणतो, भाज्या खा. मग मी काय खाऊ?"

असं म्हणणारी माणसं तिशी-चाळिशीतली असतात. कुणाची साखर वाढलेली असते, कुणाचा रक्तदाब. "मोठा झालास की आवडेल" हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं आणि ते झालेलं नसतं. त्यामुळे "आवड निर्माण करा" हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. संशोधन त्यांना काही वेगळं सांगू शकतं का?

पहिली पायरी : तक्रारीचे तुकडे करा

"भाजी आवडत नाही" हे एक वाक्य असलं, तरी त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

एक, कडूपणा. १९३१ साली ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फेनिलथायोकार्बामाइड, म्हणजे पीटीसी नावाच्या पदार्थावर काम करत होते. त्याची पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, "किती कडू आहे!" फॉक्स यांना मात्र काहीच चव लागली नाही. तिथून चवीतल्या या जन्मजात फरकाचा अभ्यास सुरू झाला. २००३ मध्ये त्यामागचं मुख्य जनुक सापडलं, टीएएस२आर३८. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीची पानं या कुळातल्या भाज्यांमधली काही द्रव्यं रचनेने पीटीसीशी मिळतीजुळती असतात. म्हणजे तुमच्या शेजारी बसलेल्याला कोबी गोडसर लागत असेल आणि तुम्हाला कडसर, तर दोघंही खरंच बोलताय. मात्र कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांमुळे येतो. कारलं न खाणाऱ्या प्रत्येकाला हेच जनुक चिकटवायचं नाही.

दोन, पोत. भेंडीचा बुळबुळीतपणा, वांग्याच्या बिया, जास्त शिजलेल्या दोडक्याचा लगदा. इथे चवीची तक्रार नसतेच, ती असते तोंडात लागणाऱ्या स्पर्शाची.

तीन, अनोळखीपणा. काही माणसं कुठलाही नवा पदार्थ टाळतात. हे मोजायला पॅट्रिशिया प्लायनर आणि कॅरेन हॉब्डेन यांनी १९९२ मध्ये दहा विधानांची एक मापनश्रेणी तयार केली. नव्या अन्नाची भीती मोजणारी ही श्रेणी आजही वापरली जाते.

हे तुकडे करायचे कशासाठी? कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. ज्याची अडचण पोत आहे, त्याला मसाला बदलून उपयोग नाही. आणि तुमच्या प्रश्नावलीत "तुम्हाला भाज्या आवडतात का? होय/नाही" एवढाच प्रश्न असेल, तर तिन्ही प्रकारची माणसं एकाच रकान्यात जाऊन बसतील आणि निष्कर्ष गढूळ होईल.

दुसरी पायरी : "कमी कॅलरी" म्हणजे नेमकं काय?

इथे एक संकल्पना नीट समजून घ्या : ऊर्जा-घनता. एका ग्रॅम अन्नात किती कॅलरी, एवढाच तिचा अर्थ. एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकात किंवा प्रथिनात ४ आणि पाण्यात शून्य. म्हणून ज्या पदार्थात पाणी जास्त, त्याची ऊर्जा-घनता कमी. दुधी भोपळ्यात सुमारे ९५ टक्के पाणीच असतं, १०० ग्रॅममध्ये जेमतेम १५ कॅलरी. तेवढ्याच वजनाच्या शेवेत किंवा फरसाणात ५०० च्या वर.

आता महत्त्वाचं. आपण पोट भरल्याचं ठरवतो ते कॅलरी मोजून नाही. थोड्या दिवसांच्या हिशेबात माणूस साधारण तेवढंच, म्हणजे तेवढ्याच वजनाचं आणि आकारमानाचं, अन्न खातो. हे खरं असेल तर ताटातलं अन्न कमी करण्यापेक्षा त्याच ताटातली ऊर्जा-घनता कमी करणं जास्त सोपं जायला हवं. ही झाली परिकल्पना. ती तपासायची कशी?

तिसरी पायरी : प्रयोग

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत बार्बरा रोल्स यांच्या गटाने २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २० पुरुष आणि २१ स्त्रिया, एकूण ४१ प्रौढ. आठवड्यातून एक दिवस, असे तीन आठवडे त्यांनी प्रयोगशाळेत येऊन जेवायचं. हवं तेवढं खायचं, बंधन नाही. सकाळी गाजराचा ब्रेड, दुपारी मॅकरोनी-चीज, रात्री चिकन-भाताचा एक पदार्थ.

बदल एवढाच होता, की या पदार्थांत वाटून बारीक केलेल्या भाज्यांचं प्रमाण वेगवेगळं ठेवलं. एका दिवशी ऊर्जा-घनता मूळची, म्हणजे १०० टक्के, एका दिवशी ८५ आणि एका दिवशी ७५ टक्के.

निकाल बघा. तिन्ही दिवशी लोकांनी साधारण सारख्याच वजनाचं अन्न खाल्लं. त्यामुळे ८५ टक्क्यांच्या दिवशी सरासरी २०२ कॅलरी कमी गेल्या, ७५ टक्क्यांच्या दिवशी ३५७ कमी. ३५७ कॅलरी म्हणजे बिनतेलाचे साडेतीन-चार फुलके. भाज्यांचं दिवसभराचं प्रमाण मात्र २७० ग्रॅमवरून ४८७ ग्रॅमवर गेलं. जागतिक आरोग्य संघटना फळं आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम सांगते, त्याच्याशी ताडून पाहा. भूक आणि तृप्ती यांच्या नोंदींत लक्षणीय फरक नव्हता. पदार्थांची चवही लोकांना सारखीच वाटली.

संशोधनाच्या भाषेत मांडू. स्वाश्रयी चल : ऊर्जा-घनता, तीन पातळ्या. आश्रयी चल : खाल्लेल्या अन्नाचं वजन, कॅलरी, भाज्यांचे ग्रॅम आणि सोबत भूक-तृप्तीच्या नोंदी. आराखडा : क्रॉसओव्हर, म्हणजे प्रत्येक माणूस तिन्ही परिस्थितींतून जातो. त्यामुळे तुलना होते ती त्याच माणसाची त्याच्याशीच. खादाड आणि अल्पाहारी यांच्यातला फरक निकालात घोळ घालत नाही. ४१ माणसांत एवढा स्पष्ट निकाल मिळण्याचं एक कारण हे आहे. मुलाखतीत "नमुना इतका लहान का?" असं विचारलं, तर आराखड्याकडे बोट दाखवायला शिका.

आणि मुख्य मुद्दा लक्षात आला का? इथे कुणाची आवड बदलली नाही. बदललं ते ताटातलं अन्न. ज्याला भाजी आवडत नाही त्याच्यासाठी ही मोठी सुटका आहे. कॅलरी कमी करायला भाजी आवडलीच पाहिजे असं नाही.

आपल्या स्वयंपाकघरात हिशेब करू

मॅकरोनी-चीज आपलं रोजचं जेवण नाही. पण भाजी पिठात, डाळीत मिसळायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. थालीपीठ घ्या.

साधं थालीपीठ : भाजणी १०० ग्रॅम, पाणी ८० ग्रॅम. कॅलरी साधारण ३५०, गोळ्याचं वजन १८० ग्रॅम.

दुधीचं थालीपीठ : भाजणी ७० ग्रॅम, किसलेला दुधी ११० ग्रॅम, वेगळं पाणी नाही. भाजणीचे २४५ आणि दुधीचे १६ मिळून २६१. वजन तेच, १८० ग्रॅम.

तव्यावर उडून जाणारं पाणी सोडून दिलं तर दुसऱ्या गोळ्याची ऊर्जा-घनता पहिल्याच्या ७५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे प्रयोगातलीच पातळी.

पण थांबा, तेल राहिलं. चहाच्या चमच्याभर तेलात साधारण ४५ कॅलरी धरू. दोन्हीला दोन-दोन चमचे लावले तर साधं ४४० आणि दुधीचं ३५१. आता दुधीच्या थालीपिठाला "खरपूस हवं" म्हणून चार चमचे तेल सोडलं तर? ४४१. सगळी बचत तव्यावरच संपली! पावभाजीचंही हेच. भाज्या भरपूर असतात, ओळखू येत नाहीत, मुलंही खातात. पण वरचा बटरचा गोळा आणि लोण्यात भाजलेले पाव सगळं गणित उलटवतात. भाजी घातली म्हणजे पदार्थ आपोआप हलका होत नाही. भाजीने पिठाची, भाताची किंवा तेलाची जागा घ्यायला हवी.

मग न आवडणाऱ्यांनी काय करून बघावं? अडचणीनुसार :

- कडूपणा खुपत असेल तर कोबीऐवजी लाल भोपळा, गाजर, दुधी यांपासून सुरुवात करा. आमटीत लाल भोपळा शिजवून घोटला की वेगळा दिसतही नाही. मीठ कडूपणा दाबतं, हे १९९७ मध्ये ब्रेझलिन आणि बोशाँ यांनी प्रयोगाने दाखवलं. रक्तदाब असणाऱ्यांनी अर्थातच बेतानं.
- पोत नको असेल तर वाटा, किसा किंवा कोरडं भाजा. भेंडी झाकण न ठेवता परता, आमसूल घाला, बुळबुळीतपणा कमी होतो.
- भाजी कुठल्याच रूपात नको असेल तर टोमॅटोचं सार, मुगाचं कढण, पातळ आमटी जेवणाच्या सुरुवातीला घ्या. रोल्स यांच्याच १९९९ च्या एका प्रयोगात सूपमध्ये मुरलेल्या पाण्यामुळे लोक पुढचं जेवण कमी जेवले. तेवढंच पाणी पेल्यातून वेगळं दिलं तेव्हा तसा फरक पडला नाही.
- मोड आलेल्या मटकीची उसळ, पेरू, पपई, काकडी घातलेलं दही. "भाजी" या शब्दाशी ज्यांचं भांडण आहे, त्यांचं यांच्याशी बहुतेक वेळा नसतं.

मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर असे बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

हा अभ्यास काय सांगत नाही

संशोधक म्हणून तुमची परीक्षा इथे आहे. हा अभ्यास तीन स्वतंत्र दिवसांचा होता. सहा महिन्यांनी वजन किती उतरलं, हे त्याचं उत्तर नाही. जेवण प्रयोगशाळेत बनलं होतं. घरी दमून आलेला माणूस दुधी किसत बसेल का, हा वेगळा प्रश्न आहे. आणि लपवलेली भाजी खाऊन भाजीची आवड वाढते, असंही तो म्हणत नाही. जी चव ओळखूच आली नाही, तिची सवय कशी होणार?

सवयीचा अभ्यास वेगळा आहे. प्लायनर यांनी १९८२ मध्ये विद्यार्थ्यांना अनोळखी उष्णकटिबंधीय फळांचे रस चाखायला दिले. काही रस पाच वेळा, काही दहा, काही वीस वेळा. जो रस जास्त वेळा चाखला तो जास्त आवडला. पण ते रस अनोळखी होते, नावडते नव्हते. "कधी खाल्लं नाही" आणि "तीस वर्षं खाऊन नावडलंय" या दोन अवस्था वेगळ्या आहेत. पहिलीचा निष्कर्ष दुसरीवर सरळ चढवता येत नाही. अशाच फटीत नव्या संशोधनाला जागा असते.

एक नैतिक बाजूही आहे. जेवणात काय मिसळलंय ते सहभागी व्यक्तीपासून लपवायचं असेल, तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी, ॲलर्जीची आधी चौकशी आणि प्रयोग संपल्यावर खरी माहिती देणं, हे सगळं आराखड्यातच लिहावं लागतं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं यासाठी वाचून ठेवा. घरीही मोठ्या माणसाला फसवून खाऊ घालण्यापेक्षा "यात दुधी आहे, खाऊन बघ" असं सांगितलेलं बरं. एकदा कळलं की पुढचं ताट संशयानेच बघितलं जातं.

आता तुमचं काम

वहीत एक रोजची तक्रार लिहा. "मुलं वाचत नाहीत", "शेतकरी माती परीक्षण करत नाहीत", "मेसचं जेवण आवडत नाही", काहीही चालेल. मग खाली चार ओळी : या तक्रारीत किती वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत? त्यातली कुठली मी बदलणार? कुठली मोजणार, आणि कुठल्या एककात? माझा अभ्यास शेवटी काय सांगू शकणार नाही?

चौथी ओळ सर्वात आधी लिहून बघा. ती लिहिता आली की विषय तुमच्या हातात आला असं समजा. पुढच्या लेखात क्रॉसओव्हर आराखड्यात क्रम कसा आलटून-पालटून लावायचा, ते पाहू.