म्हाताऱ्या आई-वडिलांचे औषधपाणी आणि आयकराची सवलत

आयकर हा आपला विषय नव्हे असे म्हणून पान उलटू नका. धानाच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरे. पण जवाहरनगरच्या आयुध निर्माणीभोवतालच्या गावांत एक भाऊ बांधीत आणि दुसरा कारखान्यात पगारावर, अशी घरे पुष्कळ आहेत. आई अंथरुणाला खिळली की शेतीवाला भाऊ धान विकून दवाखान्याचे पैसे रोखीने भरतो, आणि पगारदार भाऊ मागाहून त्याचा हिशेब चुकता करतो. सवलत हातची जाते ती इथेच.

नियम असा आहे. आई किंवा वडील साठीचे झाले असतील व त्यांचा आरोग्य विमा काढलेला नसेल, तर त्यांच्या दवाखान्याचा व औषधांचा खर्च वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत मुलाच्या उत्पन्नातून वजा होतो. ते मुलावर अवलंबून असलेच पाहिजेत असेही नाही. पण रोख दिलेला पैसा चालत नाही. जो कर भरतो त्यानेच आपल्या खात्यातून, चेकने किंवा मोबाइलवरून पैसे द्यावेत आणि बिले जपावीत. लग्न झालेली नोकरदार मुलगीही आपल्या आई-वडिलांसाठी ही वजावट घेऊ शकते. सुनेला मात्र सासू-सासऱ्यांसाठी ती नाही. सेवा बहुधा तीच करते, तेव्हा हे मनाला पटत नाही.

आई-वडील मुख्यत्वे मुलावर अवलंबून असून 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल, तर 75,000 रुपये, आणि 80 टक्क्यांवर 1,25,000 रुपये वजा होतात. यात शुश्रूषेचा खर्च धरतात, आणि खर्च कमी झाला तरी वजावट पुरी मिळते. सरकारी दवाखान्याचे प्रमाणपत्र तेवढे हवे. कर्करोग, निकामी मूत्रपिंड अशा ठरावीक आजारांत अवलंबून असलेल्या साठीपुढच्या आई-वडिलांसाठी 1,00,000 रुपयांपर्यंत सवलत आहे. तिला तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि विम्यातून वा कारखान्याकडून परत मिळालेली रक्कम त्यातून कापली जाते.

वृद्धाश्रमातल्या राहण्या-जेवणाच्या खर्चाला वेगळी सवलत नाही. म्हणून उपचार व औषधांचे बिल तिथून वेगळे मागून घ्यावे.

आता महत्त्वाचे. या सवलती फक्त जुन्या करपद्धतीत आहेत. 2023-24 पासून काही न कळवल्यास नवी पद्धत आपोआप लागू होते, आणि 2025-26 पासून तीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही; पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत. त्यामुळे पुष्कळांना नवीच पद्धत परवडेल. घरकर्ज, भविष्यनिर्वाह निधी व आईचा खर्च मिळून वजावट मोठी होत असेल, तरच जुनी पाहावी. तीत 20 टक्क्यांच्या टप्प्यात 50,000 रुपयांच्या वजावटीने उपकरासह 10,400 रुपये वाचतात. दोन्ही हिशेब कागदावर मांडून मगच कार्यालयाला कळवा. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला 2025 चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा क्रमांक न सांगता सवलतीचे नाव घेऊन विचारावे.