लॅपटॉपमधील मोडेम आणि त्याचा परवाना

ज्या लॅपटॉपच्या कडेला अथवा बॅटरीखाली सिमकार्डासाठी अरुंद खाच ठेवलेली असते, त्याच्या अंतर्भागात, बहुधा ३० मिलिमीटर रुंद आणि ४२ मिलिमीटर लांब अशा एका पट्टीवर, म्हणजे मोडेमच्या कार्डावर, एक स्वतंत्र संगणकच नांदत असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची स्मृती आहे, स्वतःची कार्यप्रणाली आहे, आणि मोबाइलच्या मनोऱ्याशी कोणत्या क्षणी किती शक्तीने बोलावे हे ठरविणे सर्वस्वी त्याच्याच अखत्यारीत आहे. पुणे दरबाराचा वकील ज्याप्रमाणे परमुलखातील दरबारात राहून तेथल्या रीतीने मागण्या सादर करी, पण तेथल्या फौजेला स्वतः हुकूम करू शकत नसे, त्याप्रमाणे लिनक्सलाही येथे रेडिओ चालवावयाचा नसतो, तर कार्डाला समजेल अशा भाषेत, योग्य क्रमाने, आपले मागणे गुदरावयाचे असते.

या भाषांपैकी सर्वांत जुनी ‘एटी’ आज्ञांची. १९८१ साली हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमबरोबर ती प्रचारात आली, पुढे मोबाइल दूरसंचाराच्या मानकांनी तिचा अंगीकार केला, आणि आजही कित्येक कार्डांत तिच्यासाठी एखादे द्वार उघडे असते. दुसरी क्वालकॉम कंपनीची ‘क्यूएमआय’; तिसरी, यूएसबीचे मानक ठरविणाऱ्या संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेली ‘एमबीआयएम’. क्यूएमआय जाणणारा ड्रायव्हर नॉर्वेच्या ब्यर्न मॉर्क यांनी लिहिला व तो २०१२ साली लिनक्सच्या ३.४ आवृत्तीत दाखल झाला, तर एमबीआयएमचा ड्रायव्हर पुढल्याच वर्षी ३.८ मध्ये आला. या पायावर ‘मोडेममॅनेजर’ ही सेवा उभी आहे. तिचा आरंभ डॅन विल्यम्स यांनी केला, आणि अलेक्झांडर मोर्गाडो यांनी ती वर्षानुवर्षे सांभाळून, दोन्ही नव्या भाषांची ग्रंथालये रचून, आजच्या योग्यतेस आणली. आज आपण एका टिचकीसरशी जोडले जातो त्याचे श्रेय या मोजक्या माणसांच्या चिकाटीला आहे, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे.

कार्ड चालत नसेल तर प्रथम ते दिसते की नाही हे पाहावे. बहुसंख्य कार्डे एम.२ खाचेत बसलेली असली तरी आतून यूएसबीच्याच तारांनी जोडलेली असतात, म्हणून त्यांचा दाखला ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेत मिळतो. अलीकडची मात्र पीसीआय एक्सप्रेसवर आली असून ती ‘एलएसपीसीआय’मध्ये आढळतात, आणि त्यांच्यासाठी लिनक्सचा कर्नल नवा असणे अगत्याचे आहे, कारण इंटेलच्या अशा मोडेमचा ड्रायव्हर ५.१४ मध्ये, म्हणजे २०२१ साली, आणि मीडियाटेकचा ५.१९ मध्ये, २०२२ साली समाविष्ट झाला. दोन्हीकडे पत्ता नसेल तर बायोसमध्ये ते बंद केलेले आहे काय हे तपासावे. दिसत असूनही निपचित असेल तर रेडिओ बंद ठेवला आहे काय हे ‘आरएफकिल’ या आज्ञेला विचारावे. त्यानंतर ‘एमएमसीएलआय’ ही आज्ञा मोडेमची सारी कैफियत सांगते: सिम नाही, पिनने बंद आहे, जाळ्यात नोंद झाली आहे, की जोडणी पूर्ण झाली आहे. पिन घाईने टाकू नये. तीन चुका झाल्या की सिम पीयूके, म्हणजे कुलूप उघडण्याचा क्रमांक, मागते.

शेवटी एपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातील प्रवेशद्वाराचे नाव, लिहावे लागते: जिओसाठी ‘जिओनेट’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’, सारे रोमन लिपीच्या लहान अक्षरांत. पण नोंद होऊनही वेग मिळत नाही, अशी तक्रार भारतात उद्भवते तेव्हा दोष लिनक्सचा असेलच असे नाही. २०१६ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या जिओने दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे जाळे उभारलेच नाही; तिची चौथ्या पिढीची सेवा ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर, म्हणजे ५, ३ आणि ४० या क्रमांकांच्या पट्ट्यांवर चालू झाली. सिएरा वायरलेसचे ईएम७४५५ हे कार्ड अमेरिका व युरोप डोळ्यांपुढे ठेवून घडविलेले. त्यात ३ व ५ आहेत, ४० नाही. तेव्हा परदेशातून आलेल्या जुन्या लॅपटॉपात ते असेल तर जोडणी होईल, पण गर्दीच्या ठिकाणी उपयोगी पडणारा तो पट्टा त्याला सदैव अप्राप्य राहील. आशियासाठी निघालेल्या ईएम७४३० मध्ये ४० आहे. केवळ तिसऱ्या पिढीची जुनी कार्डे तर एअरटेलने ती सेवा आटोपती घेतल्यापासून तिच्या जाळ्यात निरुपयोगीच झाली आहेत.

जुन्या कार्डांपैकी क्वालकॉमच्या गोबी २००० ची हकिगत सांगण्याजोगी आहे. वीज गेली की हे कार्ड आपले फर्मवेअर विसरून जाई, आणि लॅपटॉप सुरू होताच ते पुन्हा भरविल्याखेरीज मोडेम म्हणून ओळखही देत नसे. विंडोजचा ड्रायव्हर हे काम करी. लिनक्ससाठी मॅथ्यू गॅरेट यांनी लहानसा ‘गोबी लोडर’ लिहिला, परंतु फर्मवेअरच्या फायली वाटण्याची मुभा नसल्यामुळे त्या प्रत्येकाने आपल्या विंडोजच्या ड्रायव्हरमधून काढून घ्याव्या लागत.

आजची मुख्य अडचण तांत्रिक कमी आणि परवान्याची अधिक आहे. रेडिओलहरींचा शरीरावर पडणारा भार ठरावीक मर्यादेत राहावा, यासाठी अमेरिकेचा दळणवळण आयोग, म्हणजे एफसीसी, कार्ड, ॲण्टेना आणि लॅपटॉप यांच्या संयोगाला मंजुरी देतो. त्यामुळे कित्येक कार्डे कुलूपबंद पाठविली जातात, आणि लॅपटॉपातील अधिकृत प्रोग्रामने संकेत दिल्याविना ती अल्पशक्तीच्या अवस्थेतून बाहेर येत नाहीत. मोडेममॅनेजर पूर्वी ज्ञात कुलुपे आपण होऊन काढी, १.१८.४ या आवृत्तीपासून मात्र हा निर्णय वापरणाऱ्यावर सोपविलेला आहे. उपलब्ध स्क्रिप्ट ‘एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी’ या फोल्डरमध्ये कार्डाच्या ओळख-क्रमांकाच्या नावाने असतात, आणि त्यांतील हव्या त्या स्क्रिप्टचा दुवा ‘ईटीसी’मधील ‘एफसीसी-अनलॉक.डी’मध्ये ठेवला की कार्ड प्रक्षेपणाला मोकळे होते. काही कुलुपे एका ठरलेल्या आज्ञेने उघडतात; काही कार्डे प्रश्न टाकतात व गुप्त किल्लीने काढलेले उत्तर मागतात. लेनोव्होने आपल्या लॅपटॉपांसाठी लिनक्सवरील प्रोग्राम दिला आहे, पण त्याचा गाभा वाचता येत नाही अशा स्वरूपात.

दंडकाचा हेतू मला मान्य आहे. परक्या लॅपटॉपात परके कार्ड बसविणाऱ्याला उत्पादकाने जामीन राहावे, असे कोणी म्हणणार नाही. पण जेथे कार्ड, ॲण्टेना आणि लॅपटॉप हे तिन्ही उत्पादकानेच एकत्र बसवून, तपासून विकलेले आहेत, तेथे केवळ मालकाने दुसरी कार्यप्रणाली निवडली म्हणून किल्ली रोखून धरण्याला सुरक्षिततेचा कोणताही आधार उरत नाही, आणि ही अडवणूक मला सर्वथा अन्यायाची वाटते. ती संपेपर्यंत, लिनक्ससाठी लॅपटॉप घेणाऱ्याने विक्रेत्याकडून कार्डाचे नाव व ओळख-क्रमांक लेखी मागून घ्यावा, त्या क्रमांकाची स्क्रिप्ट मोडेममॅनेजरमध्ये किंवा उत्पादकाकडे आहे की नाही ते पाहावे, आणि मगच रक्कम चुकती करावी.